आपोआप पडणारा गिअर

हिवरा आश्रमच्या पंगतीत ट्रॅक्टर ज्या चालीने चालतो, त्या चालीचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. मेहकर तालुक्यातल्या या गावी विवेकानंद जयंतीच्या उत्सवाची सांगता महाप्रसादाने होते. मोकळ्या शेतात लाखाच्या वर माणसे ओळी धरून बसतात आणि पुरी व वांग्याच्या भाजीने भरलेल्या ट्रॉल्या घेऊन शंभराच्या आसपास ट्रॅक्टर त्या ओळींमधल्या पट्ट्यांतून सरकत जातात. वाढपी चालता चालता वाढतात. ट्रॅक्टर थांबत नाही आणि घाईही करत नाही. ड्रायव्हरने सगळ्यांत खालचा गिअर टाकलेला असतो, इंजिन मंद ठेवलेले असते आणि त्याचे दोन्ही पाय मोकळे असतात. मांडी घालून बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांपासून हात-दोन हातांवरून ते धूड जाते, आणि कोणी पान ओढून घेत नाही.

याच पंगतीहून परत येताना एका जानेवारीत आमच्या दादांची गाडी रस्त्यात बसली. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या संध्याकाळी आहे.

दादांचा डावा पाय तिसऱ्या वर्षी पोलिओने गेला. उजवा ठणठणीत. जन्मभर त्यांनी मास्तरकी केली, ती एसटीच्या पायऱ्या चढत-उतरत आणि कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून. मधली काही वर्षे मागे दोन जादा चाके लावलेली बिनगिअरची स्कूटर होती. ती पावसात आणि चिखलात निरुपयोगी. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी मुंबईहून एक छोटी, बरीच वापरलेली, तीन गिअरची ऑटोमॅटिक मोटार घेतली. क्लचचे पेडलच नाही, म्हणजे डाव्या पायाला कामच नाही. ती आली त्या आठवड्यात दादा आयुष्यात पहिल्यांदा घरात कोणाला न सांगता बाहेर पडले, आणि लोणारला जाऊन आले. वहिनी रागावल्या, मग रडल्या.

तर ती गाडी. पंगतीहून निघालो तेव्हापासून इंजिन उगाच ओरडत होते. तीसचा वेग, चाळीसचा वेग, तरी तिसरा गिअर पडेना. मग एका चढावर इंजिन फिरते आहे आणि गाडी मात्र जागची हलत नाही, असे झाले. मागून आलेल्या पोरांनी सवयीने धक्का मारायला सुरुवात केली. एकाने खिडकीतून डोके घालून खाली पाहिले आणि विचारले, "काहून बापा, हिचा क्लच कुठी गेला?"

शेवटी रिकाम्या ट्रॉलीच्या एका ट्रॅक्टरने दोर बांधून गाडी ओढत नेली. हे आमचे अज्ञान होते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरवली तर आतले भाग तेलाविना फिरत राहतात. म्हणून अशी गाडी ओढायची तर इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती उचलून, नाहीतर पुस्तिकेने घालून दिलेल्या कमी वेगाने आणि थोडेच अंतर. धक्का मारून ती सुरूही होत नाही, त्याचेही कारण तेच: पंप फिरल्याशिवाय आत दाब नाही आणि दाबाशिवाय चाकांची आणि इंजिनाची गाठ पडत नाही. आम्हाला ट्रॅक्टरच्या चालीने वाचवले. अंतरही फार नव्हते.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या दोन मेस्त्रींनी गाडी पाहिली. दोघेही हाताचे पक्के. ट्रकचा गिअरबॉक्स रस्त्याच्या कडेला, विजेरीच्या उजेडात उतरवून परत बसवणारे. पण इथे एक म्हणाला, "बॉक्स गेला, दुसरा टाका," आणि दुसरा म्हणाला, "नव्वद नंबरचं ऑइल टाकून पाहू." ते टाकू दिले असते तर बॉक्स खरोखरच गेला असता. दादांनी चावी खिशात घातली आणि घरी आले. पुढचे तीन आठवडे ते कुठे गेले नाहीत. मी विचार करू लागलो की हे ज्ञान आपल्याकडे आलेच का नाही? ज्या मुलखात इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष सांगणारी माणसे आहेत, तिथे मोटारीच्या या एका अवयवाशी कुणाची ओळख का नसावी?

मुळात गिअर टाकणे हे चालकाचे काम असलेच पाहिजे असे मोटारीच्या जन्माच्या वेळी ठरलेले नव्हते. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला गिअरचा दांडा नव्हता. खाली तीन पेडले होती. डावे पूर्ण दाबले की खालचा गिअर, सोडले की वरचा, मधले दाबले की गाडी मागे, उजवे ब्रेकचे. आत दातेरी चक्रांची ग्रहमाला होती: मध्ये सूर्यचक्र, भोवती फिरणारी ग्रहचक्रे. एखाद्या भागाला बाहेरून पट्टा आवळून अडवले की वेग बदलायचा. आजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात हीच ग्रहमाला असते. फरक इतकाच की तिथे पट्टा पायाने आवळला जात नाही, तेलाच्या दाबाने आवळला जातो.

दुसरा अर्धा भाग समुद्रावरून आला. हेर्मान फोटिंगर हा जर्मन अभियंता श्टेटिनच्या गोदीत जहाजांवर काम करत होता. जहाजाचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि पंखा सावकाश फिरायला हवा, ही त्याची अडचण. १९०५ साली त्याने यावर पेटंट घेतले. दोन पंखे समोरासमोर ठेवायचे, मध्ये द्रव भरायचा. एक फिरला की द्रव फिरतो आणि द्रव दुसऱ्याला फिरवतो. लोखंडाला लोखंड कुठेच चिकटलेले नाही. एक विजेचा पंखा चालू करून त्याच्यासमोर बंद पंखा धरला तर तोही फिरू लागतो, तसेच हे, फक्त हवेच्या जागी तेल. म्हणून ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला 'डी'मध्ये उभी राहू शकते, इंजिन बंद न पडता. आणि म्हणूनच ब्रेकवरून पाय काढला की ती आपली आपण हळूच पुढे सरकते.

१९३०च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेमलरने असा द्रवाचा दुवा मोटारीत आणला. पण गिअर कोणता हवा ते तिथे अजून चालकानेच ठरवायचे होते. ते ठरवण्याचे काम यंत्राकडे सोपवले अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने. त्या गटाचा प्रमुख अर्ल थॉम्पसन. १९२८च्या कॅडिलॅकमध्ये सिंक्रोमेश आणून दातांची करकर बंद करणाराही हाच. १९३९ साली ओल्डस्मोबिलच्या पुढच्या वर्षीच्या गाड्यांवर 'हायड्रा-मॅटिक' मिळू लागले, जादा ५७ डॉलर देऊन. चार गिअर, क्लचचे पेडल नाही.

यानंतर युद्ध आले आणि मोटारींचे उत्पादन थांबले, पण हायड्रा-मॅटिक थांबले नाही. ते रणगाड्यात गेले. अमेरिकन 'एम-५ स्टुअर्ट' या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने होती आणि प्रत्येकामागे एक हायड्रा-मॅटिक. आता हिंदुस्थानाचा संबंध. नोव्हेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या हाताखालच्या फौजेने झोजी-ला खिंड घेतली, ती सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे सुमारे साडेअकरा हजार फुटांवर चढवून. त्या उंचीवर रणगाडा येईल हे समोरच्यांच्या ध्यानीमनी नव्हते. म्हणजे आपल्या स्वतंत्र देशातला आपोआप पडणाऱ्या गिअरचा पहिला मोठा पराक्रम कुणा शेठजींच्या मोटारीत झाला नाही, बर्फात झाला. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र त्याच सुमारास अहमदनगरला आले. तिथल्या रणगाडा संग्रहालयात त्या पिढीची यंत्रे आजही पाहायला मिळतात.

त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली बस धावली. तिचा गिअर मात्र ड्रायव्हरच्या हातापायांत होता. 'डबल क्लच' हा शब्द त्या पिढीच्या तोंडी होता. क्लच दाबा, गिअर काढा, क्लच सोडा, इंजिनाचा वेग जुळवा, पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका. घाटात दर वळणाला हे करायचे. ज्याचा गिअर आवाज न करता पडे तो उस्ताद. माझ्या लहानपणी मेहकरच्या स्टँडवर ड्रायव्हरची जी प्रतिष्ठा होती, तिच्यातला मोठा वाटा या डाव्या पायाचा होता, असे आता वाटते.

मुंबईत याच वर्षांत काय चालले होते? जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. फोर्डही मुंबईत होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या गाड्यांचे सुटे भाग पेट्यांतून येत आणि इथे जुळत. ही वाट चालू राहिली असती तर अमेरिकेत जे सर्रास झाले ते पाच-सात वर्षांच्या अंतराने इथेही आले असते. शेवरोलेसारख्या सामान्य माणसाच्या गाडीला 'पॉवरग्लाइड' हे ऑटोमॅटिक १९५० साली मिळाले.

पण १९५३ साली टॅरिफ कमिशनचा मोटार उद्योगावरचा अहवाल आला. ज्यांच्याकडे इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावे, नुसते जोडकाम करणाऱ्यांनी जावे, असे धोरण सरकारने स्वीकारले. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. शिवडी १९५४ मध्ये बंद झाली. योगायोग असा की याच १९५३च्या ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या लिव्होनिया येथील हायड्रा-मॅटिकचा कारखाना आगीत जळून गेला आणि कॅडिलॅकलासुद्धा काही महिने ब्यूइकचे गिअरबॉक्स उसने घ्यावे लागले. तिथे उत्पादन पुन्हा सुरू झाले. इथे दार लागले ते चाळीस वर्षे.

धोरण चुकले असे मी म्हणणार नाही. सुटे भाग इथेच बनवायचे तर जे बनवता येईल तेच गाडीत असणार, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे बारीक भोके, झडपा आणि घट्ट मापांचे यंत्र. त्या काळच्या आपल्या कारखान्यांना ते न झेपणारे. उरल्या दोन-तीन गाड्या. कुर्ल्याची फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि बंगालची अँबॅसेडर. दोन्हींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, दोन्हींना चार गिअर, पहिल्याला सिंक्रोमेश नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या गेल्या, तेव्हा लोकांनी खूप हळवे लेख लिहिले. त्यांत कुणी टॅक्सीवाल्याच्या डाव्या गुडघ्याबद्दल लिहिलेले मला आढळले नाही.

पैशाखेरीज आणखी एक कारण मला दिसते. १९५० ते ८० या काळात ज्याच्याकडे मोटार होती त्याच्याकडे बहुधा ड्रायव्हरही होता. क्लच दाबण्याचा त्रास मालकाच्या पायाला होतच नव्हता. पगारी माणसाचे श्रम वाचवण्यासाठी जादा पैसे मोजायचे आणि वर पेट्रोलही जास्त जाळायचे, हा हिशेब कुणाला पटणार? जुन्या ऑटोमॅटिकमध्ये द्रवाच्या दुव्यात ताकद झिरपून जायची हे खरेच आहे. १९७३ नंतर पेट्रोल भडकले तेव्हा तर प्रश्नच मिटला.

अपवाद होते. वकिलातींच्या वापरलेल्या परदेशी मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, आणि नट, बिल्डर, संस्थानिक त्या घेत. हिंदी सिनेमात दिसणारी ती लांबलचक इम्पाला याच वाटेने यायची. या मूठभर गाड्यांसाठी ग्रँट रोड, ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत काही मूठभर गॅरेजे. सुटे भाग मिळत नसत, म्हणून एक बॉक्स मारून दुसरा जगवायचा. पुस्तके असली तर इंग्रजीत, आणि काम करणारे हात बिनशाळेचे. विद्या उस्तादाकडून पोराकडे, तीही थोडी राखून. ती मेहकरपर्यंत कशी पोचणार?

खरे तर आपोआप चाल बदलणारे यंत्र महाराष्ट्राच्या घराघरात शिरले ते दुचाकीवरून. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकने लुना काढली. तिला गिअर नव्हता, क्लचची मूठ नव्हती. वेग वाढला की आतला क्लच केंद्रोत्सारी बळाने आपोआप पकडायचा. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, बटण दाबून सुरू होणारी, पट्ट्यावर वेग बदलणारी. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका आणि दादांसारखी माणसे या गाड्यांवर रस्त्यावर आली. लुनाला 'यंत्र' म्हणून कुणी मान दिला नाही. बायकांची गाडी, पेन्शनरांची गाडी, अशी तिची थट्टाच जास्त. पण गिअर बदलण्याचे कसब हीच वाहन चालवण्याची पात्रता, या समजुतीला पहिला धक्का तिने दिला. कायनेटिकचा एक कारखानाही अहमदनगरलाच. रणगाडा, एसटी आणि लुना: या विषयाचा माग काढताना मी तिसऱ्यांदा त्याच शहरात येऊन पोचलो, याचे मला हसू आले.

कायद्यानेही हा फरक दुचाकीपुरताच मानला. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात बिनगिअरच्या आणि गिअरच्या मोटारसायकलींचे परवाने वेगळे आहेत. मोटारीला असा भेद नाही. दादांसारख्यांसाठी त्या कायद्यात जो वर्ग होता त्याचे इंग्रजी नाव सरळ मराठीत आणले तर 'दुर्बळाची गाडी' असे होईल. २०१९च्या दुरुस्तीने ते काढून 'जुळवून घेतलेले वाहन' अशा अर्थाचे नाव घातले. एकतीस वर्षे लागली.

आता दादांच्या गाडीकडे वळतो. तीन आठवड्यांनी एका नातेवाइकामार्फत अकोल्याच्या एका वृद्ध मेस्त्रींचा पत्ता लागला. तरुणपणी मुंबईच्या त्या गल्ल्यांत त्यांनी इम्पालाखाली झोपून काम केले होते. डोळ्यांनी अधू, आता गॅरेज नाही. फोनवरच बोलले. त्यांचा पहिला प्रश्न गिअरबॉक्सबद्दल नव्हताच. "याच्या आधी गाडीला कुणी हात लावला होता, आणि कशाला?"

एक महिन्यापूर्वी एक्सलेटरची तार बदलली होती, एवढेच.

"मग बॉक्सला हात लावू नका. दुसरी तार पाहा."

त्यांनी जे समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. संगणक नसलेल्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये गिअर कधी पडायचा हे दोन दाबांच्या रस्सीखेचीवर ठरते. एका बाजूला गव्हर्नर. तो चाकांबरोबर फिरतो, गाडीचा वेग वाढला की त्याच्याकडचा तेलाचा दाब वाढतो. तो म्हणतो, वरचा गिअर टाका. दुसऱ्या बाजूला चालकाचा उजवा पाय. पेडल जितके खोल, तितका त्या बाजूचा दाब जास्त. तो म्हणतो, थांबा, अजून ताकद हवी आहे. दोघांच्या मध्ये एक छोटी झडप. गव्हर्नर जिंकला की झडप सरकते, तेल पुढच्या वाटेने जाते, एक क्लच सुटतो, दुसरा आवळतो, गिअर पडला. चढावर गिअर उशिरा का पडतो आणि सपाटीवर लवकर का, याचे उत्तर एवढेच आहे. या यंत्रात विचार कुठेच नाही, आणि तरी ते विचार केल्यासारखे वागते.

पायाची खबर त्या झडपेपर्यंत नेणारी एक वेगळी तार असते. एक्सलेटरची तार बदलणाऱ्याला शेजारची ही तार ढिली दिसली. म्हणून त्याने ती भल्या हेतूने ताणून बसवली. त्या दिवसापासून गिअरबॉक्सची समजूत अशी की दादा सतत पेडल पूर्ण दाबून बसले आहेत. मग तिसरा गिअर पडणार कसा? दुसऱ्यातच इंजिन ओरडत राहिले, तेल तापत राहिले.

पण मग गाडी चढावर थांबली का? त्यासाठी मेस्त्रींनी दुसरी तपासणी सांगितली. गाडी सपाट जागी उभी करा. पाच-दहा किलोमीटर चालवून गरम झालेली हवी. इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबून दांडा सगळ्या घरांतून एकदा फिरवून 'पी'वर आणा, आणि मग कांडी काढून पुसून पुन्हा बुडवा. काही गाड्यांची रीत वेगळी असते, म्हणून पुस्तिका पाहा. आम्ही आजवर इंजिन बंद करून, थंड गाडीची कांडी पाहत होतो आणि तेल पुरेसे आहे असे समजत होतो. बरोबर रीतीने पाहिले तर तेल खुणेच्या दोन बोटे खाली. पुढच्या चाकाच्या दांड्याजवळचे सील झिरपत होते. तेल कमी, त्यात तापलेले, त्यात चढ: तेल मागे सरकले, पंपाने हवा ओढली, तेलाचा फेस झाला. फेसाला दाब नसतो. क्लचच्या चकत्या आवळल्याच गेल्या नाहीत. रात्रभर थंड झाल्यावर गाडी सकाळी अंगणात मुकाट्याने हलली होती, हे आम्ही पाहिले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

"रंग सांगा," मेस्त्री म्हणाले. पांढऱ्या फडक्यावर टाकून पाहिले. तांबूस तपकिरी. "वास घ्या. जळका आहे?" दादांनी नाकाशी धरले आणि मान हलवली. नव्हता. "मग जगली. काळं असतं, करपल्यासारखं वासायचं आणि त्यात कीस दिसला असता, तर मीच सांगितलं असतं, बॉक्स उतरवा."

हे तेल मुद्दाम लाल रंगवलेले असते, गळती झाली तर इंजिनाचे तेल की गिअरचे हे ओळखू यावे म्हणून. जनरल मोटर्सने १९४९ साली त्याचे पहिले प्रमाण ठरवले. त्या तेलात घातली जाणारी एक वस्तू मला फार दिवस सलत राहिली. क्लचच्या चकत्यांनी हळूच पकडावे, झटका देऊ नये, यासाठी त्यात स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत. गरमीत न बिघडणारे, गंज न येऊ देणारे असे दुसरे काही मिळत नव्हते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी घातली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांची पर्याय शोधताना दमछाक झाली. इम्पालातून उतरणाऱ्या नटाच्या पायाखाली महासागरातला एक प्राणी होता. अकोल्याच्या मेस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "म्हणूनच जुन्या डब्याला वेगळा वास होता."

तार सैल करून खुणेवर आणली. सील बदलले, तेल काढून नवे भरले, जास्त न भरता. जास्त झाले तरी फेसच होतो. गिअर पडू लागला, तीसच्या आतबाहेर तिसरा. एक दोष मात्र राहिला. थंडीत सकाळी 'डी'मध्ये टाकल्यावर गाडी लगेच हलत नाही. आतली रबरी सीले वयाने कडक झाली आहेत, रात्री तेल खाली उतरते, दाब भरायला वेळ लागतो. त्यासाठी बॉक्स पूर्ण उघडावा लागेल. मेस्त्री म्हणाले, राहू द्या.

मध्यंतरी जग बदलले. मारुतीने १९९०च्या दशकात झेन आणि एस्टीमच्या ऑटोमॅटिक आवृत्त्या काढल्या होत्या, पण गिऱ्हाईक थोडे होते. २०१४च्या फेब्रुवारीत सेलेरिओ आली आणि गणित उलटले. तिच्यात ग्रहमाला नाही, फोटिंगरचे पंखे नाहीत. साधाच हाताचा गिअरबॉक्स, साधाच क्लच. फक्त ते दाबणारा-सोडणारा पाय आणि हात यंत्राचा. पगारी ड्रायव्हर जाऊन पेटीत बसलेला ड्रायव्हर आला, असे म्हणायला हरकत नाही. तो स्वस्त पडला, म्हणून चालला. गिअर बदलताना तो किंचित अडखळतो, नवशिक्यासारखा. आणि २०२२च्या १ जूनला पुणे-अहमदनगर याच रस्त्यावर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली. तिला गिअर बदलणे हा प्रकारच नाही. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो. तिथे शंभराच्या वेगात बसले की वरचा गिअर एकदा पडतो आणि तासभर हलत नाही. या सगळ्या खटाटोपाची गरज आता मुख्यतः गावातल्या रस्त्यावर, बैलगाडीच्या आणि शाळा सुटलेल्या पोरांच्या मागे उरली आहे.

यंदाही आम्ही पंगतीला गेलो. गावाजवळ रस्ता माणसांनी भरलेला. दादांनी ब्रेकवरून पाय उचलला आणि गाडी आपल्या आपण, माणसाच्या पावलाने, गर्दीतून सरकू लागली. पुढे एक ट्रॅक्टर त्याच चालीने जात होता.

परतीच्या दिवशी पहाटे थंडी होती. दादांनी इंजिन सुरू केले, दांडा 'डी'वर आणला आणि नेहमीप्रमाणे मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला गाडीने ओढ घेतली.